बंधाऱ्याखालचा नारळ

माझ्या मोबाईलमध्ये एक व्हिडिओ आहे. वर्गात दाखवायचा म्हणून काढला होता, आजवर एकदाही दाखवलेला नाही. त्यात आमच्या गावचा कृष्णेवरचा बंधारा आहे, त्यावरून पडणारं पाणी आहे, त्या पाण्याच्या पायथ्याशी गोल गोल फिरणारा एक नारळ आहे आणि पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून शास्त्र सांगणारी मी आहे. अगदी शेवटी माझ्या थोरल्या भावाचा आवाज आहे. व्हिडिओ रविवारी काढला. मंगळवारी तो त्याच पाण्यात बुडून मेला.

मेला हा शब्द मी मुद्दाम वापरते. लोक वाहून गेला म्हणतात. तो कुठेही वाहून गेला नाही, दुखणं तेच आहे.

वहिनी मात्र दोन वर्षं माझे उपकार मानत आली. मी गावी गेले की ताटात भाकरी वाढता वाढता ती म्हणायची, "वन्सं, तुमच्यामुळं ते घरला तरी आले." मी मान खाली घालून भाकरी मोडायची. तिला वाटायचं मला रडू येतंय. येतही होतं, पण तिला वाटायचं त्या कारणानं नाही. तिला खरं सांगायचं की नाही, या एका प्रश्नाशी मी दोन वर्षं झटत होते.

मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या मुलांना पाणी शिकवते. विषयाचं नाव भारदस्त आहे, पण घरी सगळे असंच म्हणायचे, ही पाणी शिकवते. प्रयोगशाळेत आमच्याकडे माणसाच्या उंचीएवढी एक काचेची नळी आहे. तिच्यातून स्वच्छ पाणी सोडायचं आणि मधोमध सुईतून जांभळ्या रंगाची धार सोडायची. तोटी जरा उघडली तर रंगाचा दोरा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जातो. अजून थोडी उघडली की दोरा थरथरतो. अजून थोडी, आणि तो फाटतो, पिंजतो, बघता बघता सगळी नळी जांभळी होते. मुलं हमखास मोबाईल काढतात. मी त्यांना सांगते की इथून पुढं एखादा कण कुठं जाईल हे जगात कुणाला सांगता येत नाही. फक्त सरासरी सांगता येते, आणि ती काढण्यात माझी निम्मी पीएचडी गेली.

हे सगळं मी एकदा दादालाही सांगितलं होतं. तो पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आला होता, ऊस बघत होता, आणि सकाळी देवापुढं उदबत्ती लावून पेपर वाचत बसायचा. मी त्याला उदबत्तीचा धूर दाखवला. वीतभर कसा सरळ उठतो आणि मग एकदम कसा विस्कटतो. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, एवढं बघायला सरकार तुला पगार देतंय व्हय. पण त्यानंतर कुणी पाहुणा आला की तो स्वतःच उदबत्तीकडं बोट करून सांगायचा, हे बघा, इथनं फुडं काय सांगता येत न्हाई. माझ्या कुठल्याही विद्यार्थ्यानं माझं बोलणं इतकं मनावर घेतलेलं नाही.

आणि मला पोहता येत नाही. हा घरातला कायमचा विनोद होता. आमच्या वडिलांनी पोरांना विहिरीत ढकलून पोहायला शिकवलं, पोरींना काठावर कपडे राखायला बसवलं. मी दहा-अकरा वर्षांची असताना दादानं वडिलांची नजर चुकवून माझ्या कमरेला रिकामा कॅन बांधला आणि मला विहिरीत उतरवलं. आमच्याकडं पूर्वी वाळका भोपळा बांधायचे, मग तेलाचे, औषधाचे प्लॅस्टिकचे कॅन आले. झाकण घट्ट लावायचं, बैलाच्या सुती कासऱ्यानं कमरेला आवळायचा, की माणूस काही केल्या बुडत नाही. मी त्या कॅनवर अर्धा तास तरंगले आणि तो सोडायला मी काही तयार होईना. शेवटी दादानंच हार मानली. तेव्हापासून पाण्याच्या काठावर उभी राहिले की माझा हात आपोआप कमरेकडं जातो. डोक्यात किती का समीकरणं असेनात, माझ्या अंगाला पाण्याबद्दल एवढं एकच ठाऊक आहे की कॅन असला म्हणजे भीती नाही.

आता बंधाऱ्याचं सांगते. आमचं गाव कराडच्या खाली, नदीला लागून. बंधारा म्हणजे दगडी खांबांची ओळ, आणि खांबांच्या मधल्या खाचांत बसवायच्या लोखंडी फळ्या. त्यांना बर्गे म्हणतात. पावसाळ्याआधी बर्गे काढून ठेवायचे, दसऱ्याच्या सुमाराला परत घालायचे, की उन्हाळ्यापर्यंत पाणी अडून राहतं. त्या वर्षी बर्गे घातले आणि आठच दिवसांत परतीचा पाऊस पाटणकडं असा काही कोसळला की कोयनेतून पाणी सोडावं लागलं. बर्गे काढावेत की ठेवावेत यावर पारावर दोन दिवस वाद झाला. काढले तर अडलेलं सगळं पाणी जाणार. शेवटी ठेवले. पाणी बर्ग्यांच्या वरून पडायला लागलं, सगळ्या रुंदीभर एकसारखं, पुरुषभर उंचीवरून.

आमच्या गावानं महापूर पाहिलेले आहेत. देवळाच्या कळसापर्यंत आलेलं पाणी पाहिलेल्या माणसाला हे पाणी म्हणजे पाणीच वाटत नाही. बर्ग्यांवर गुडघाभर धार, पलीकडं फेस आणि पुढं संथ नदी. आणि फसवणूक तिथंच आहे. महापुरात बंधारा पूर्ण बुडतो, त्याच्यावरून नदी सपाट जाते, तेव्हा तो कुणाला काही करत नाही. धोका असतो तो या मधल्या पाण्याला. वरून पडलेली धार सरळ तळाला जाते आणि तळातून पुढं निघून जाते. थोड्या अंतरावर ती उसळून वर येते, आणि तिथून वरचं पाणी मागं फिरतं, पुन्हा बंधाऱ्याकडं. त्यामुळं पायथ्याशी पाण्याचा एक आडवा लोळ फिरत राहतो. त्यात सापडलेली वस्तू पुढं जायला बघते आणि मागं ओढली जाते, पडत्या धारेखाली दाबली जाते, वर येते, पुन्हा ओढली जाते. हे मी दर वर्षी फळ्यावर काढते. परीक्षेत यावर आठ मार्कांचा प्रश्न असतो.

नदीला असं पाणी आलं की आमच्या गावच्या बायका बंधाऱ्यावर तिची ओटी भरतात. खण, तांदूळ, हळदकुंकू आणि नारळ. खण-तांदूळ जातात, नारळ बहुतेक वेळा वाहून दिसेनासा होतो. पण एखाद्या वर्षी एखादा नारळ बंधाऱ्याखाली फिरत राहतो. मग म्हणायचं, आईनं पदरात धरला. तिसऱ्या दिवशीही तो तिथंच असला तर त्या घरच्या कारभाऱ्यानं तो काढून आणायचा, लाल फडक्यात बांधून दाराच्या चौकटीवर टांगायचा. त्या वर्षी त्या घराच्या उसाला पुराचं पाणी लागत नाही. मी लहान असताना वडिलांनी असा एक काढला होता, काठावर उभं राहून, आकडी लावलेल्या बांबूनं. आमच्या घराला त्याचा कोण अभिमान.

त्या रविवारी वहिनीनं मला बोलावून घेतलं. माहेरवाशिणीच्या हातानं ओटी भरावी, असं तिचं म्हणणं. मी हातभर पुढं वाकून नारळ सोडला. तो धारेबरोबर खाली गेला, फेसात गडप झाला, पुढं कुठंतरी वर आला, आणि परत फिरला. बायकांनी हात जोडले. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचा मुलगा तेव्हा उत्तरेला सीमेवर होता आणि तिला कुठून तरी एक चांगली खूण हवीच होती.

मला मात्र दुसराच आनंद झाला. फळ्यावर काढून काढून हात दुखावेत अशी आकृती माझ्यासमोर जिवंत फिरत होती. मी मोबाईल काढला. व्हिडिओत मी मुलांना उद्देशून बोलतेय, वरचं पाणी मागं येतंय बघा, नारळ किती वेळात एक फेरी घेतोय मोजा. आवाजात उत्साह मावत नाहीये. वहिनी हात जोडून उभी असताना तिच्यासमोर शास्त्र नको, एवढं भान मला होतं, म्हणून मी जरा लांब जाऊन बोलत होते. दादा तेवढा माझ्याजवळ येऊन ऐकत होता. शेवटी त्यानं विचारलं ते मोबाईलनं जसंच्या तसं धरून ठेवलंय.

"मग ह्यो निघायचा कसा?"

"न्हाई निघायचा. जे तरंगतंय ते न्हाई निघत दादा, जे बुडतंय ते निघतंय. तळाचं पाणी फुडं चाललंय."

"म्हंजे बुडी मारली तर सुटला."

मी हसले आणि म्हणाले, नारळाला बुडी मारता येत असती तर. तिथं व्हिडिओ संपतो. नारळाच्या जागी माणूस असला तर काय, हे मी बोलले नाही. माझ्या मनात ते आलंच नाही. आमच्या विषयात पाण्यात काहीतरी टाकून बघायची सवय असते, थर्माकोल, लाकडाचा भुसा, रंग. माझ्यासाठी तो नारळ म्हणजे तसंच काहीतरी होता.

मंगळवारी सकाळी वहिनीचा फोन आला. माझं दहाचं प्रॅक्टिकल होतं आणि मी जिन्यात होते. नारळ अजून तिथंच होता. बांबू पुरेना, म्हणून दादा पोहत जाऊन आणतो म्हणत होता. वहिनी म्हणाली, "तुमचं ऐकत्यात, तुमी सांगा." मग दादानं फोन घेतला. गुडघाभर पाण्याला काय भ्यायचं, म्हणाला. आपल्या घरचा नारळ दुसऱ्या कुणी काढला तर गावात काय तोंड दाखवायचं, असंही म्हणाला. त्यानं पलटणीत असताना कुठल्या कुठल्या नद्या पोहून काढल्या होत्या, ते मला पाठ होतं.

जाऊ नकोस, एवढंच म्हणायला हवं होतं. मी शपथ घातली असती तर तो थांबला असता. मला भीती वाटली हे खरं आहे, पण ती काठावरच्या मुलीची भीती होती. आठ मार्कांच्या प्रश्नाची उत्तरपत्रिका तपासणारी बाई त्या वेळी कुठं होती कोण जाणे. काठावरच्या मुलीला जे ठाऊक होतं तेच मी बोलले.

"कॅन बांधून जा."

तो हसला. मला, कॅन? या वयात? मी म्हटलं, माझ्यासाठी बांध. मग वहिनीला म्हटलं की त्याला पाच लिटरचे दोन कॅन बांधल्याशिवाय घरातून सोडू नका, आणि गाठ तुम्हीच मारा, तो मुद्दाम सैल बांधेल. वहिनीला बरं वाटलं. मलाही बरं वाटलं. काळजी घेतल्याचं समाधान घेऊन मी प्रयोगशाळेत गेले.

आमच्याकडं काचेच्या बाजू असलेला एक लांब चर आहे, त्यात छोटा बंधारा बसवता येतो. त्या दिवशी मुलांनी तो चालू करून ठेवला होता. एका मुलीनं धारेखाली थर्माकोलची गोळी टाकली आणि ती फिरायला लागली. मुलीनं विचारलं, मॅडम, ही किती वेळ अशी राहील. मी पाठ केल्यासारखं उत्तर दिलं की तरंगतेय तोवर राहील, हिच्यात सुई खुपसली आणि जड केली तर तळाला जाऊन सुटेल. वाक्य संपता संपता मला जिन्यातला फोन आठवला. पाच लिटरचे दोन कॅन. मी माझ्या हातानं त्याला तरंगायला लावलं होतं.

मी बाहेर पळाले. दादाचा फोन लागला नाही, वहिनीनं उचलला नाही. लावत राहिले. चौथ्या का पाचव्या वेळी शेजारच्या मळ्यातल्या गड्यानं वहिनीचा फोन उचलला आणि एवढंच म्हणाला, मॅडम, तुमी या.

काय झालं ते त्याच माणसानं मला नंतर सांगितलं. दादा पुढच्या संथ पाण्यात उतरला आणि पोहत फेसाकडं गेला. नारळाला हात लागला, तोवर सगळं ठीक होतं. मग तो परत वळला, चार हात मारले आणि जागचा हलला नाही. पाणी त्याला बंधाऱ्याकडं घेऊन गेलं. धारेखाली जायचा, पलीकडं वर यायचा, श्वास घ्यायचा, परत ओढला जायचा. काठावरच्यांनी दोर फेकले. फेसात दोर दिसत नव्हता. ट्रकची ट्यूब टाकली, तीही त्याच्याबरोबर फिरायला लागली. "शेवटपातूर दोन्ही हात पाठीमागं कमरंला हुते," तो माणूस म्हणाला. "कॅन धरून ऱ्हायला हुता बिचारा." मग कुणीतरी दोराला गळ बांधून टाकला. तो कॅनच्या दोरीत अडकला आणि दादाला ओढून काठाला घेतला.

म्हणून वहिनी माझे उपकार मानत होती. आमच्या नदीत बुडालेला माणूस सांगलीच्या खाली, कधी कर्नाटकात सापडतो. कधी सापडतच नाही. कॅन होता म्हणून गळ लागला, म्हणून ती त्याला हातानं आंघोळ घालू शकली. शवविच्छेदन होऊन आलेल्या नवऱ्याला आंघोळ घालणं हेही कुणाला भाग्य वाटू शकतं, हे मी तिच्याकडं बघून शिकले. नारळ तिथंच राहिला. पाणी उतरल्यावर तो गेला असेल, कुणी पाहिलं नाही.

दोन वर्षं मी गप्प बसले. कारण चांगलं होतं, तिला कशाला त्रास. खरं कारण एवढं चांगलं नव्हतं. तिनं माझ्याशी बोलणं सोडलं असतं तर मला माहेर उरलं नसतं. पण तिचे ते उपकार मला सोसवेनात. मुलांना तो लोळ शिकवायचा धडा मी दोन्ही वर्षं दुसऱ्या सरांकडं दिला. उदबत्ती लावणंही बंद केलं.

यंदा दुसऱ्या वर्षीच्या श्राद्धाला गेले. जेवणं उरकून पाहुणे पांगले, दुपारच्या उन्हात आम्ही दोघी परसात भांडी घासत होतो. तिनं पुन्हा तेच वाक्य म्हटलं, आणि या वेळी मी ताट खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. तळाचं पाणी, वरचं पाणी, तरंगणारं का अडकतं, सगळं. कॅन नसता तर कदाचित तो बुडी मारून सुटला असता, असं म्हटलं. कदाचित हा शब्द मी दोनदा वापरला. पाण्याचं कुणाला सांगता येत नाही, हेही म्हटलं. मला ठाऊक होतं, एका कणाचं सांगता येत नाही हे खरं असलं तरी त्या लोळाचं सांगता येतं.

 नळ वाहत होता, तो वहिनीनं उठून बंद केला. मग विचारलं की हे त्यांना ठाऊक होतं का. मी म्हटलं, होतं, रविवारी त्यानं मला विचारलं होतं. मोबाईल काढून तिला शेवटचा तुकडा ऐकवला. म्हंजे बुडी मारली तर सुटला. तिनं तो परत लावायला सांगितला नाही.

तिनं राखेनं माखलेला हात पुढं धरून बोटांकडं पाहिलं. मग म्हणाली, "आंघूळ घालताना मी बगितलं हुतं. त्यांची नखं तुटल्याली. बोटात कासऱ्याचं सूत अडकल्यालं. मला वाटलं दगडाला धराय गेले असतील."

मला सगळं कळायला एक क्षण लागला. कमरेवरचे ते दोन हात. तो धरून राहिला नव्हता. माझा धडा त्याला नेमका आठवला होता आणि तो कॅन सोडवत होता.

"सुटली न्हाई," वहिनी म्हणाली. "सुती कासरा, पाण्यात फुगतोय. अन् गाठ मी मारली हुती, वन्सं. तुमी सांगितलं म्हणून दोन मारल्या, पाठीमागं, त्यांचा हात पोचू नये म्हणून."

एवढं बोलून ती उठली आणि उरलेली भांडी विसळायला लागली. मी हलकं व्हायला म्हणून सांगितलं होतं. मी तिच्या शेजारी बसून भांडी पुसत राहिले. संध्याकाळच्या गाडीला ती मला स्टँडवर सोडायला आली, नेहमीसारखी पिशवीत भुईमुगाच्या शेंगा घातल्या, पण ते वाक्य काही बोलली नाही.